फेसवॉशची चाचणी वाचताना

नमस्कार. फेसवॉशच्या बाटलीवर ‘चाचणीत सिद्ध’ असे छापलेले दिसले की मी आधी एकच गोष्ट शोधतो: तुलना कशाशी केली होती?

मुरूम आपसूक कमी-जास्त होत असतात, आणि चेहरा सर्वांत बिघडलेला असतानाच माणूस बहुधा चाचणीत नाव नोंदवतो. त्यामुळे कोणताही उपाय केला नाही तरी पुढच्या काही आठवड्यांत मुरूम उतरण्याचीच शक्यता अधिक असते. समजा, सॅलिसिलिक ॲसिडच्या फेसवॉशने सरासरी ४० मुरूम १२ आठवड्यांत २८ वर आले. जाहिरातीत ‘३० टक्के घट’ म्हणून हेच झळकेल. परंतु ते ॲसिड वगळलेला तोच फेसवॉश वापरणाऱ्या दुसऱ्या गटात मुरूम ४० वरून ३० वर आले असतील, तर ॲसिडच्या पदरी श्रेय पडते ते दोन मुरमांचे.

२००६ साली चोई आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली चाचणी या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखी आहे. सौम्य क्लिन्झरने दिवसातून एकदा, दोनदा की चारदा चेहरा धुवावा, हा तिचा प्रश्न होता. २७ पुरुष, तीन गट, सहा आठवडे. दोनदा धुणाऱ्यांचे ब्लॅकहेड लक्षणीय कमी झाले आणि एकदा धुणाऱ्यांचे लालसर मुरूम वाढले. मात्र या गटांची एकमेकांशी तुलना केली तेव्हा सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा, फरक आढळला नाही. एका गटाची आधीची आणि नंतरची स्थिती पाहणे वेगळे आणि दोन गटांमधला फरक सिद्ध करणे वेगळे. गटात जेमतेम नऊ-दहा जण असतील, तर खरा फरकही निसटू शकतो. म्हणून ‘फरक नाहीच’ असेही या चाचणीवरून म्हणता येत नाही.

दुसरी अडचण गुप्ततेची, म्हणजे कोणाला कोणती बाटली मिळाली हे लपवून ठेवण्याची. मुरमांवरच्या काही फेसवॉशमध्ये असणारे बेंझॉइल पेरॉक्साइड हे औषध कापडाचा रंग उडवते. ज्याच्या निळ्या टॉवेलवर फिकट डाग पडले, त्याला आपल्याकडे कोणती बाटली आली आहे हे कोणी सांगावे लागत नाही. अशा वेळी मुरूम मोजणारी व्यक्ती तरी गटांबाबत अनभिज्ञ होती का, हे अहवालात पाहावे. त्वचा कोरडी पडली म्हणून मध्येच सोडून गेलेल्यांना अंतिम हिशेबात धरले का, हेही पाहावे. त्यांना वगळले की निकाल उगाचच उजळ दिसतो.

सोळा-सतरा वर्षांची मुले साठवलेले पैसे अशा बाटल्यांवर खर्च करतात, म्हणून मला हे सारे मनापासून महत्त्वाचे वाटते.

भारतातील औषधांच्या चाचण्यांची नोंद २००७ पासून ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या संकेतस्थळावर होते आणि ती कोणालाही पाहता येते. चाचणी तिथे सापडली, तर नोंदणीची तारीख आणि आधी जाहीर केलेला मुख्य निकष तपासा. नोंदीत ‘१२ आठवड्यांनंतरची मुरमांची संख्या’ असेल आणि अहवालात ‘चौथ्या आठवड्यातील तेलकटपणा’ पुढे केला असेल, तर त्या दाव्यावर मी विसंबणार नाही.