वाटेवरची माती

नमस्कार श्रोतेहो. प्रवासाहून परतणाऱ्या माणसाच्या पिशवीतून काजू, कोकम, निदान एखादा फणसपोळीचा पुडा निघावा, अशी घरच्यांची रास्त अपेक्षा असते. माझ्या पिशवीतून मात्र मातीच्या पुड्या निघतात. एकदा देवगडहून एसटीने येताना वाहकाने पिशवी पायाने सरकवत ‘यात काय दगड भरलेत का?’ असे विचारले, आणि आत खरोखरच जांभ्याचा दगड असल्यामुळे मला उत्तर सुचले नाही. ही माती आणि हे दगड वापरून मी अमूर्त, म्हणजे ओळखीची वस्तू किंवा देखावा न दाखवणारी, चित्रे करतो. प्रवासात हाती लागलेले द्रव्य चित्रात उतरते तेव्हा नेमके काय होते, याविषयी आज बोलायचे आहे.

माती आधी उन्हात वाळवून कुटायची आणि भरपूर पाण्यात ढवळायची. जाड वाळू लगेच तळाला बसते, बारीक कण वर तरंगत राहतात. ते गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढून दोन-तीन दिवस निवळू दिले, की खाली जो लोण्यासारखा मऊ गाळ उरतो तोच आपला रंग. तो वाळवून वस्त्रगाळ करायचा आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवायचा. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर त्याचे पापुद्रे सुटतात. पिवळी माती लोखंडी तव्यावर बराच वेळ भाजली तर डोळ्यांदेखत तांबडी होत जाते, कारण तिच्यातल्या लोहाच्या संयुगात बांधलेले पाणी निघून जाते आणि उरतो तो गेरूचा लाल.

काळ्या मातीने मात्र मला चांगलेच शिकवले. विदर्भातून आणलेल्या मातीचा जाड थर मी एका मोठ्या कॅनव्हासवर चढवला होता, आणि त्यातून सपाट, अखंड क्षितिज दिसावे अशी माझी योजना होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो थराला डाव्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत भेगा पडलेल्या, आणि काठ वर उचललेले. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, हे उन्हाळ्यातले शेत पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. मलाही होते, पण चित्रकार म्हणून ते मी विसरलो होतो. भेगा बुजवल्या, त्या शेजारी पुन्हा पडल्या. शेवटी कॅनव्हास सोडून लाकडी फळी घेतली, थराखाली तागाचे कापड चिकटवले आणि भेगांना त्यांच्या वाटेने जाऊ दिले. त्या चित्रातली सर्वांत चांगली रेषा मी काढलेली नाही.

म्हणूनच हे द्रव्य अमूर्ताकडे ओढते, असे मला वाटते. मातीला झाडे आणि डोंगर काढायच्या कामाला जुंपले, की ती नुसता तपकिरी रंग होऊन बसते. आणि समुद्रकाठचे शिंपले, दोरखंड, वाळके लाकूड कॅनव्हासवर चिकटवून त्याला मिश्र माध्यम म्हणणे मला पटत नाही. त्या वस्तू चित्रात येतात, पण शोकेसमध्ये ठेवल्यासारख्या तशाच राहतात.

या वाटेने फार पुढे गेलेला कलावंत म्हणजे १९४५ साली ब्रिस्टल इथे जन्मलेला रिचर्ड लाँग. १९६७ साली त्याने एका कुरणात पुन्हापुन्हा ये-जा करून गवतात एक सरळ रेघ उमटवली आणि चालणे हीच कलाकृती ठरवली. पुढे आपल्या गावच्या एव्हन नदीचा चिखल तो हातांनी थेट गॅलरीच्या भिंतीवर वर्तुळाकार लावू लागला. बोटांचे ठसे आणि खाली ओघळलेले थेंब यांसह ते वर्तुळ तसेच राहते. १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्याचे असे काम होते, आणि त्याच प्रदर्शनात डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हेही सहभागी होते. शेणागेरूच्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग लावणारे वारली चित्रकार आणि चिखलाने भिंत सारवणारा हा इंग्रज यांचे पुढे २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ इथे एकत्र प्रदर्शनही झाले. म्हसे यांच्या चित्रात माणसे, जाळी, मुंग्या आहेत आणि लाँगच्या वर्तुळात काहीच नाही. तरी दोघांची जमीन एकच वाटते.

रंग प्रवास करतो, हे तर अजिंठ्यातही दिसते. तिथले लाल, पिवळे आणि हिरवे रंग खनिज मातीचे; निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा, म्हणजे थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून आलेला.

प्रत्येक पुडीवर मी गावाचे नाव लिहितो, पण चित्राला ते नाव देत नाही. गेल्या पावसाळ्यात कपाटाला ओल आली आणि एका पुडीवरची शाई पार पुसली गेली. ती कुठली, हे काही केल्या आठवेना. परवा ती पाण्यात निवळायला ठेवली आहे. वरचे पाणी आता स्वच्छ झाले आहे, आणि तळाच्या राखाडी गाळात किंचित हिरवट झाक दिसते. नमस्कार.