बेपत्ता म्हणजे नेमकं कुठे?

नमस्कार मंडळी. गाणी नंतर लावू, आज आधी दहा मिनिटं माझ्यासाठी द्या.

इथे मेलबर्नमध्ये आमच्या शेजारी एक ऑस्ट्रेलियन आजी राहतात, नव्वदी ओलांडलीय. त्यांचा मोठा भाऊ दुसऱ्या महायुद्धात लँकॅस्टर बॉम्बरवर गनर होता, १९४४ मध्ये जर्मनीवर गेला तो परत आला नाही. एकदा चहा पिताना त्यांनी मला सहज विचारलं, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर त्याचं काही सापडेल का गं? मी म्हटलं बघते. तिथून जे सुरू झालं ते अजून चालूच आहे, रात्री जेवणं आवरली की मी युद्धात हरवलेल्या या मुलांच्या फाइली उघडून बसते.

मुलंच म्हणायची हो, वीस-बावीस वर्षांची. ऑस्ट्रेलियातून शिकायला कॅनडा, ऱ्होडेशिया, मग इंग्लंड, आणि तिथे ब्रिटिश, कॅनडियन, न्यूझीलंडच्या पोरांबरोबर एका विमानात सात जण. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांच्या विभागात, साधारण १०,००० ऑस्ट्रेलियन होते आणि त्यातले जवळजवळ ३,५०० मेले. म्हणजे तीनातला एक.

आता फाइल. कॅनबेराच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी दफ्तरखान्यात, ए ७०५ नावाची सीरिज आहे, ऑस्ट्रेलियन हवाई दलात जो मेला, जखमी झाला किंवा हरवला त्याची त्यात फाइल, आणि खूपशा आता स्कॅन करून ऑनलाइन ठेवल्यात, घरबसल्या फुकट वाचता येतात. पहिलं पान बहुतेक वेळा टेलिग्रामचं, मुलगा बेपत्ता आहे. मग त्याच्या विमान तुकडीच्या, स्क्वाड्रनच्या, कमांडिंग ऑफिसरचं पत्र. मग आईची पत्रं, एक, दोन, सहा, शाईच्या पेनानं लिहिलेली, काही कळलं का, रेड क्रॉसकडून काही आलं का. साधारण सहा महिन्यांनी सरकारी उत्तर येतं की अधिकृत कामकाजासाठी मृत्यू गृहीत धरलाय. गृहीत! आणि मग सामानाची यादी. आजींच्या भावाच्या यादीत मोज्यांचे जोड मोजून लिहिलेत, रेझर, फाउंटन पेन, पत्रांचा गठ्ठा. मोजे कोणीतरी बसून मोजले, घडी घातली, समुद्रापार पाठवले, त्या ओळीवर मी किती वेळ थांबले होते काय सांगू.

पण खरी माहिती फाइलच्या शेवटी असते, युद्ध संपल्यानंतरच्या पानांवर. ब्रिटिश हवाई दलाचे जवळजवळ ४२,००० जण बेपत्ता होते, त्यात ही ऑस्ट्रेलियन पोरंही आली, आणि त्यांना शोधायला एक खास पथक होतं, मिसिंग रिसर्च अँड एन्क्वायरी सर्व्हिस. ही माणसं युरोपात गावोगाव फिरली, सरपंचाला विचार, पाद्र्याला विचार, कबर खणणाऱ्याला विचार, त्या रात्री विमान कुठल्या शेतात पडलं, कोणी पुरलं, किती जणांना. इंजिनाचा नंबर मिळाला की विमान कळायचं. माणूस ओळखणं मात्र फार अवघड, कारण गळ्यातले ओळखपट्टे फायबरचे, आगीत जळून जायचे. मग कबर उघडून बघायचं, शर्टाच्या कॉलरवर धोब्याची खूण आहे का, बुटाचा साइझ काय, आणि कापडाचा रंग, कारण ऑस्ट्रेलियन युनिफॉर्म ब्रिटिशांपेक्षा गडद निळा असायचा. गडद निळ्या कापडाचा एक तुकडा, त्यावरून ठरायचं की हा आपला!

आणि इतकं करूनही चुका होतात, म्हणून एक गोष्ट सांगतेच. आपण मेलबर्नवाले सेंट किल्डाच्या बीचवर फिरायला जातो ना, त्या सेंट किल्डात १९१९ मध्ये बिल न्यूटन जन्मला, क्रिकेट उत्तम खेळायचा, पुढे ऑस्ट्रेलियन हवाई दलात वैमानिक झाला. १८ मार्च १९४३ ला न्यू गिनीत सालामाऊआवर हल्ला करताना त्याच्या बोस्टन जातीच्या बॉम्बर विमानानं पेट घेतला, त्यानं ते किनाऱ्याजवळ समुद्रात उतरवलं. विमान बुडताना तोही बुडाला असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात तो आणि त्याचा एक सहकारी, जॉन लायन, पोहून किनाऱ्याला लागले, जपान्यांच्या हाती सापडले, लायनला लाए इथे संगिनीनं मारलं आणि न्यूटनचा २९ मार्चला सालामाऊआत तलवारीनं शिरच्छेद केला. हे कळलं एका जपानी सैनिकाच्या डायरीतून, आणि तिच्यातही न्यूटनचं नाव लिहिलेलं नव्हतं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं, पण पदकाच्या अधिकृत मजकुरात तो विमानातून बाहेरच पडू शकला नाही असा अर्थ निघतो, तारीखही एक दिवस आधीची वाटते. पुढे शिरच्छेदाचा एक फोटो जगभर गेला आणि वर्षानुवर्षं लोक म्हणत राहिले की हाच न्यूटन. तो न्यूटन नव्हताच, तो लेनर्ड सिफलीट, भूदलातला, ऑक्टोबर १९४३ मध्ये दुसऱ्या गावी, आयटापेला मारलेला. दोन घरांची दोन मुलं, आणि एकाचं मरण दुसऱ्याच्या नावावर. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, इंटरनेटवर फोटो दिसला, गोष्ट जुळतेय असं वाटलं तरी फाइल उघडल्याशिवाय कोणाच्या आजीला काही सांगू नका. न्यूटनला एका बॉम्बच्या खड्ड्यात पुरलं होतं, सालामाऊआ जपान्यांकडून परत ताब्यात आल्यावर तो सापडला, आता लाएच्या वॉर सिमेट्रीत आहे.

मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत असाच नियम होता, जिथे पडला त्याच प्रदेशात पुरायचं, दगड सगळ्यांना सारखा. पुण्याच्या मंडळींनी खडकीची वॉर सिमेट्री पाहिली असेल, ते दगडही या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचेच.

आजींचा भाऊ जर्मनीत राइशवाल्डला आहे, नेदरलँड्सच्या सीमेजवळ, तिथे ७,५०० च्या वर कबरी, त्यातले जवळजवळ ४,००० विमानातलेच. विमानातल्या सातांपैकी कुठला मृतदेह कोणाचा हे वेगळं करता आलं नाही, म्हणून त्यांची कबर एकत्र, आणि अशा वेळी दगड सुटे लावत नाहीत, एकाला एक चिकटून, खांद्याला खांदा लावून उभे करतात. मी फोटो मिळवला, मोबाइलवर दाखवायला गेले. आजींनी चष्मा लावला, म्हणाल्या मोठं कर, अजून मोठं कर. भावाचं नाव सापडलं तरी बोट तिथे थांबलं नाही, डावीकडच्या पहिल्या दगडापासून सुरुवात करून त्यांनी सातही नावं मोठ्यानं वाचली.