तलवारीआधी जकात नाका

मित्रहो, क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती-मुसलमान धर्मयुद्धांच्या काळातलं कॅम्पेन (टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायची लांब गोष्ट) रचायचं म्हटलं की बहुतेक गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, थेट लढाईपासून सुरुवात करतात. मी म्हणेन, ११८४ साल घ्या आणि पात्रांना फ्रँकांच्या, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्त्यांच्या ताब्यातल्या अक्को बंदराच्या जकात नाक्यावर उभं करा.

त्या वर्षी इब्न जुबैर हा अंदलूसचा (मुसलमानी स्पेनचा) मुसलमान प्रवासी तिथे पोचला. तो दमास्कस सोडत होता तेव्हा फ्रँकांच्या नाब्लुसवरच्या मुसलमानी स्वारीत धरलेले कैदी शहरात आणले जात होते, आणि याचा काफिला त्याच शत्रूच्या मुलखाकडे निघाला होता. लढाई चालू, व्यापारही चालू! अक्कोच्या नाक्यावर ख्रिस्ती कारकून बसले होते. पुढ्यात आबनुसाच्या, सोन्याने मढवलेल्या दौती. ते बोलायचे अरबी, हिशेब लिहायचे तोही अरबीत. इब्न जुबैर उतरला समुद्रासमोरच्या घरात, एका ख्रिस्ती बाईकडे भाड्याने. आपल्या पात्रांनाही तिथेच उतरवा. ती बाई लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणून कॅरॅक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, धर्माच्या रकान्याखाली आणखी दोन ओळी हव्यात: कोणत्या भाषा येतात, आणि पलीकडच्या बाजूला ओळखीचं कोण आहे. सीरियातला मुसलमान सरदार उसामा इब्न मुन्किध आठवा. जेरुसलेममधले टेंपलर, म्हणजे ख्रिस्ती लढवय्ये साधू, त्याचे स्नेही. नमाजासाठी ते त्याला जागा मोकळी करून देत. एकदा युरोपातून नुकत्याच आलेल्या एका फ्रँकाने त्याला धरून पूर्वेकडे वळवलं, ‘अशी प्रार्थना कर’ म्हणून. टेंपलरांनीच त्या माणसाला बाहेर काढलं आणि उसामाची माफी मागितली. धर्म एक, तरी नवखा आणि मुरलेला यांच्यात केवढी दरी! तुमच्या खेळाडूंपैकी एकाला तो नवखा होऊ द्या. भांडण आपोआप पेटेल, फासे टाकायचीही गरज नाही.

दुसरा नियम पाण्याचा. ३ जुलै ११८७ रोजी जेरुसलेमचा ख्रिस्ती राजा गाय (Guy) सफुरियाचे झरे सोडून तिबेरियसच्या दिशेने निघाला. दुसऱ्या दिवशी हत्तीनला त्याचं तहानलेलं सैन्य संपलं. मोहिमेवर असताना पखालीतलं पाणी बाणांसारखं मोजायला लावा. लढाईनंतर विजेता मुसलमान सुलतान सलाउद्दीन याने कैद झालेल्या गायला गार पाणी दिलं. गायने तो प्याला सोबतच कैद झालेल्या रेनाल्ड या सरदाराकडे सरकवला. तेव्हा सलाउद्दीनने स्पष्ट सांगितलं, याला पाणी मी दिलेलं नाही. विजेत्याच्या हातचं पाणी प्यालेल्या कैद्याला अभय, असा रिवाज होता. रेनाल्डला अभय नव्हतं. तो मारला गेला. हा रिवाज खेळाडूंना आधीच्या एखाद्या छोट्या प्रसंगात कळू द्या. हत्तीनला मग कोणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

शेवट मी जेरुसलेमला करतो, ऑक्टोबर ११८७. शहर सलाउद्दीनला शरण गेलं. सुटकेची अट अशी: पुरुषामागे १० दिनार, बाईमागे ५, मुदत ४० दिवस. ज्यांना भरता येणार नाही ते गुलाम. शहराचा बचाव करणाऱ्या बेलियनने ३०,००० दिनार भरून सुमारे ७,००० गरीब सोडवले. तरीही हजारो राहिले. त्या रांगेत अक्कोची घरमालकीण उभी आहे, सोबत मिसरूड फुटलेला मुलगा. दोघांचे मिळून १५ लागतात. टेबलावर सगळ्यांच्या थैल्या रिकाम्या करून मोजायला लावतो. १२ भरतात.