पक्षाघाताच्या आधी छातीत दुखलं होतं का?

नमस्कार श्रोतेहो.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, की पक्षाघात समजून धावपळ करायची, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं तर मेंदूचं मोठं नुकसान टळू शकतं. पण काही थोड्या रुग्णांच्या हेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या भिंतीचा आतला थर फाटला, की रक्त थरांमध्ये घुसतं आणि भिंतीचा पापुद्रा सुटावा तसे थर सुटत जातात. ही चीर मानेच्या धमन्यांपर्यंत गेली, की मेंदूचं रक्त अडतं. दिसायला तो पक्षाघातच! अशा वेळी ते इंजेक्शन दिलं तर फाटलेल्या जागेतून रक्तस्राव वाढतो, हृदयाभोवती रक्त साचू शकतं.

छातीत किंवा पाठीत अचानक उठलेली, फाडल्यासारखी कळ ही यातली मोठी खूण. पण वाचा गेलेला किंवा गुंगीत असलेला रुग्ण ती सांगणार कशी? काहींना तर कळ येतच नाही. म्हणून सोबतच्या माणसांनी, कुणी विचारो न विचारो, डॉक्टरांना सांगावं: आधी छातीत दुखलं होतं, मधेच घेरी येऊन पडले होते, घरात कुणाला महाधमनीचा आजार होता.

डॉक्टरांची बोटं दोन्ही मनगटांवर जायला हवीत. एका हाताची नाडी क्षीण लागते का? दोन्ही हातांच्या रक्तदाबात वीसहून जास्त फरक आहे का? पक्षाघातात रक्तदाब सहसा चढलेला असतो. तो उतरलेला दिसला तर माझ्या मते इंजेक्शन देण्याआधी तिथेच थबकावं. महाधमनीच्या या चिरेच्या तडाख्यात उजवीकडची मानेची धमनी जास्त वेळा येते; मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते, त्यामुळे डावी बाजू लुळी पडलेली बरेचदा दिसते. शंका आली, तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, नुसती डोक्यामानेची न करता छातीतल्या महाधमनीपासून करावी.

चीर हृदयालगतच्या भागात असेल तर तातडीची शस्त्रक्रिया लागते. सुरुवातीला दर तासाला धोका वाढतो. पक्षाघात झालाय, आता कशाला ऑपरेशन, असं म्हणून नातेवाइकांनी मागे सरू नये. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर काहींच्या हातापायांत पुन्हा ताकद येते.