ओल्या पायांची निलगिरी

(दृश्य: ड्रोनमधून खाडी, किनाऱ्यालगतचं जंगल)

सिडनीहून उत्तरेला, गाडीने साधारण अडीच तासांवर, पोर्ट स्टीफन्स. वोरिमी या इथल्या आदिवासी लोकांचा हा मुलूख. चांगला पाऊस झाला की इथलं जंगल घोटाभर पाण्यात उभं राहतं. कागदासारखी साल सुटणारे पेपरबार्क, कोकणातल्या सुरूचे भाऊबंद, आणि या सगळ्यांच्या वर डोकं काढणारं हे झाड. स्वँप महोगनी. शास्त्रीय नाव युकॅलिप्टस रोबस्टा. म्हणजे निलगिरीच.

(दृश्य: खोडावरून वर जाणारा कॅमेरा)

आपल्याकडे बांधावर रांगेत लावलेली, गुळगुळीत खोडाची निलगिरी पाहिलेल्यांना हे झाड पटकन ओळखू येणार नाही. साल तांबूस, जाड, बोटाने दाबली तर दबणारी, अगदी बारीक फांद्यांपर्यंत न गळता टिकणारी. पानं रुंद, वरून गडद हिरवी, खालून फिकट. उंची २० ते ३० मीटर. न्यू साउथ वेल्समधल्या मोरुयापासून वर क्वीन्सलंडमध्ये बंडाबर्गच्या परिसरापर्यंत, समुद्राला धरून जाणारी सखल पट्टी हे त्याचं घर.

(दृश्य: फुलोरा, लोरिकीट पक्ष्यांचा थवा)

जून-जुलै, इथला ऐन हिवाळा. रानात बाकी फुलं कमी असताना हे झाड फुलतं. चोचीसारखं टोक असलेलं टोपण कळीवरून गळून पडतं आणि आतून पांढुरक्या पुंकेसरांचा झुबका उघडतो. टास्मानियात घरटी करून हिवाळ्यात इकडे येणारा स्विफ्ट पॅरट या मधावरही जगतो. नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असलेला रीजेंट हनीईटरही याच झाडांवर येतो. हिवाळ्यातला हा फुलोरा गेला, तर या पाखरांनी तेवढे महिने खायचं काय?

(दृश्य: रोपवाटिका. तळहातावर बोंडं)

बी घ्यायचं ते जवळपासच्याच झाडांचं, आणि एकाच झाडाचं नाही, अनेक झाडांचं. बोंडं तपकिरी, कडक झाली की फांदीसकट तोडायची आणि कागदी पिशवीत घालून उबदार जागी ठेवायची. थोड्याच दिवसांत तोंडं उघडतात आणि पिशवीच्या तळाशी भुकटी जमते. त्यातलं बहुतेक फोल असतं. खरं बी मोहरीहूनही बारीक.

(दृश्य: पेरणी, जवळून)

ते पुरायचं नाही. वाळूमिश्रित मातीवर भुरभुरायचं, वर बारीक वाळूचा जेमतेम एक थर. झारीने पाणी घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं, म्हणून पेरलेलं भांडं उथळ पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात. माती खालून हवं तेवढं पाणी ओढून घेते. दलदलीच्या झाडाला ही रीत मानवते. ऊब असली तर आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. पानांची दुसरी जोडी फुटली की एकेक रोप उचलून उभट नळीत लावायचं, मूळ वाकू न देता. नळीतच वेटोळं झालेलं मूळ पुढे मोठ्या झाडालाही वाऱ्यात उभं राहू देत नाही. म्हणून इथली जाणती माणसं उंच रोप मागत नाहीत; वीतभर उंचीचं, ताजं रोप मागतात.

(दृश्य: लागवड. चिखल, गमबूट, कुदळी)

वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, पेरलेलं बी शरद ऋतूत जमिनीत जायला तयार होतं. जागा पाणथळ असली तरी कोवळं रोप थेट डबक्यात लावत नाहीत. आधी मातीचा वरंबा, रोप त्याच्या माथ्यावर. मुळं एकदा धरली की हंगामी पाणी साचलेलं त्याला चालतं. बुडालेल्या बुंध्यातून ते नवी मुळं काढतं आणि त्यांच्यावर श्वास घेतं. मचूळ पाणीही काही काळ सोसतं. भोवती जाळी हवीच, नाहीतर वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, एका रात्रीत शेंडे फस्त करतात. आणि घाणेरी! आपल्या डोंगरांवर माजलेली तीच घाणेरी इथेही माजली आहे. पहिली दोन-तीन वर्षं ती उपटत राहणं हेच खरं काम, लागवडीचा दिवस त्यामानाने सोपा.

(दृश्य: फांदीच्या बेचक्यात कोआला)

पोर्ट स्टीफन्समधल्या कोआलांच्या आवडत्या झाडांत हे झाड अगदी वरचं. रस्ते आणि वस्त्यांनी ही सखल जंगलं तोडली, २०१९च्या वणव्यांनी उरलेल्यांतली कित्येक जाळली, आणि २०२२मध्ये न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशातला कोआला संकटग्रस्त घोषित झाला.

(दृश्य: पुन्हा रोपवाटिका, ट्रेमधल्या नळ्यांच्या रांगा)

हे पाहून कोणाला याचं बी कोकणात न्यावंसं वाटेल. तसं करू नका. या झाडाचं मोल इथल्या पाखरांना, इथल्या कोआलाला आहे. आपल्या खाडीकाठाला उंडी आहे, समुद्रफळ आहे, भेंड आहे. त्यांचं बी मोठं, हाताळायला कितीतरी सोपं. उंडीचं तर कठीण कवच हलकेच फोडून लावलं की उगवण लवकर होते.