डॉक घेताना आधी त्याची पाठ पाहा

[टेबलावर काळा स्पीकर डॉक, शेजारी चंदेरी आयपॉड. निवेदक समोर.]

नमस्कार. टेबलावर दिसणारा हा काळा, हाताला थोडा चिकट लागणारा खोका ठाण्यात, नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या मामांचा स्पीकर डॉक, म्हणजे वरच्या खाचेत प्लेअर बसवून वाजवायचा स्पीकर आहे, आणि शेजारचा आयपॉड क्लासिक हा ॲपलचा म्युझिक प्लेअरही त्यांचाच आहे. त्यात मामांनी आपल्या कॅसेटींमधली नाट्यपदे आणि खासगी बैठकींची ध्वनिमुद्रणे एकेक करून उतरवून ठेवली आहेत, त्यामुळे ‘हल्ली मोबाइलवर सगळे मिळते’ हे उत्तर त्यांच्यापुढे टिकत नाही. डॉक कुरकुरायला लागला तेव्हा त्यांनी मला विचारले, की याच्या जागी दुसरा घ्यायचा तर काय पाहून घ्यावा. घराघरांत असे जपून ठेवलेले प्लेअर अजून आहेत, म्हणून मामांना दिलेले उत्तरच येथे सविस्तर सांगतो.

दुकानात शिरल्यावर आपण डॉकची समोरची जाळी पाहतो, खोक्यावर किती वॅट लिहिले आहेत ते वाचतो आणि आवाज वाढवून बघतो. माझे म्हणणे असे, की आधी डॉक उलटा फिरवावा.

[डॉक फिरवून पाठ कॅमेऱ्याजवळ.]

येथे अडॅप्टरच्या सॉकेटशेजारी हे लहानसे गोल छिद्र दिसते. हे साडेतीन मिलिमीटरचे सॉकेट, ज्याला दुकानदार ‘ऑक्स’ म्हणतात, ते ज्या डॉकला नाही तो कितीही गोड वाजत असला तरी मी घेणार नाही. याचे कारण असे, की डॉकमधला स्पीकर नीट वापरला तर पंधरा-वीस वर्षे सहज वाजतो, पण प्लेअर बसवायची वरची खाच मात्र त्याच्या कितीतरी आधी निरुपयोगी होते, आणि त्या वेळी आत आवाज नेण्यासाठी दुसरी वाट नसेल तर धडधाकट स्पीकर भंगारात जातो.

हे कसे घडले ते आयपॉडच्याच उदाहरणावरून पाहू. पहिला आयपॉड २००१ साली आला, पण डॉकमध्ये बसणारी ३० पिनांची रुंद, चपटी जोडणी २००३ सालच्या तिसऱ्या पिढीपासून सुरू झाली. पुढची नऊ वर्षे सगळे डॉक त्याच खाचेभोवती बांधले गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये ॲपलने लाइटनिंग ही बोटाच्या नखाएवढी जोडणी आणली, आणि ३० पिनांवर उभा असलेला तो सारा बाजार एका झटक्यात जुना झाला. आयपॉड क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला, आयपॉड टच २०२२ मध्ये, आणि २०२३ साली आयफोननेही लाइटनिंग सोडून यूएसबी-सी धरले. ॲपलने स्वतः २००६ साली आयपॉड हाय-फाय नावाचा ३४९ डॉलरचा डॉक काढला होता, तो दीड वर्षातच बंद केला. पण त्याच्या पाठीला बाहेरून आवाज घेण्याचे सॉकेट होते, म्हणून तो ज्यांच्याकडे आहे त्यांना आजही कुठलाही प्लेअर जोडता येतो. बॉवर्स अँड विल्किन्स या स्पीकर कंपनीच्या झेपेलिन या डॉकचा २००७ सालचा पहिला नमुना आयपॉड बसवण्याच्या चकचकीत दांडीमुळेच ओळखला जाई. २०१५ च्या नमुन्यात ती दांडीच उरली नाही.

आता या पिनांमधून नेमके जाते काय, हे समजून घेतले तर निवड बरीच सोपी होते. ३० पिनांच्या जोडणीतून ‘लाइन आउट’ निघते, म्हणजे हेडफोनसाठी जो छोटा ॲम्प्लिफायर प्लेअरमध्ये असतो त्याला वळसा घालून, ठरावीक पातळीचा ॲनालॉग आवाज, म्हणजे स्पीकरला थेट चालणाऱ्या विजेच्या लहरी, डॉकला मिळतो. म्हणून खाचेत बसवलेला आयपॉड हेडफोनच्या छिद्रातून जोडलेल्या आयपॉडपेक्षा बहुधा स्वच्छ वाजतो, हे मान्य करायला हवे. ऑक्सची वायर वापरताना मात्र प्लेअरचा आवाज साधारण ऐंशी टक्क्यांवर ठेवावा आणि पुढचे कमी-जास्त डॉकवर करावे. प्लेअर हळू आणि डॉक पूर्ण उघडा, असे उलटे केले की तानपुऱ्याच्या मागे एक बारीक ‘सूंऽऽ’ ऐकू येत राहते आणि दोष विनाकारण डॉकवर येतो.

लाइटनिंगची गोष्ट वेगळी आहे. तिच्यातून ॲनालॉग आवाज निघतच नाही, सगळे डिजिटल, म्हणजे आकड्यांच्या रूपात असते. त्यामुळे ३० पिनांच्या जुन्या डॉकवर नवा प्लेअर बसवायचा तर जो अडॅप्टर लागतो, त्याच्या आत डिजिटलचे ॲनालॉग करणारी चिप असावी लागते. बाजारात स्वस्तात मिळणारे कित्येक अडॅप्टर फक्त चार्जिंग करतात. प्लेअर चार्ज होतो, पण स्पीकर मुकाच राहतो. वाजवून दाखवल्याशिवाय असा अडॅप्टर घेऊ नये.

चार्जिंगचाही एक जुना घोळ आहे आणि सेकंडहँड डॉक घेणाऱ्यांना तो हमखास भोवतो. सुरुवातीचे आयपॉड फायरवायर या यूएसबीसारख्याच जुन्या जोडणीच्या पिनांतून १२ व्होल्टवर चार्ज होत, नंतरचे यूएसबीच्या ५ व्होल्टवर. २००८ साली आलेल्या चौथ्या पिढीच्या आयपॉड नॅनोने आणि दुसऱ्या पिढीच्या आयपॉड टचने १२ व्होल्ट घेणे थांबवले. परिणामी त्या आधीच्या बऱ्याच डॉकवर हे प्लेअर छान वाजतात, पण वाजता वाजता त्यांची बॅटरी उतरत जाते, आणि माणसाला वाटते की प्लेअरच बिघडला. विकत घेताना आपला स्वतःचा प्लेअर नेऊन खाचेत बसवावा आणि पडद्यावर बॅटरीच्या चित्रात विजेची खूण उमटते का, ते पाहावे. दहा सेकंदांचे काम आहे.

व्होल्टचा विषय निघालाच आहे, तर मामांच्या पहिल्या डॉकची हकिगतही सांगतो. तो त्यांच्या एका नातेवाइकाने अमेरिकेहून आणला होता. दिवाळीचे दिवस होते, घरात माणसे जमली होती, आणि मी मोठ्या उत्साहाने त्याच्या अडॅप्टरला बाजारातली साधी पिन लावून तो भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचला. ‘फट्’ असा आवाज आला, जळक्या प्लास्टिकचा वास पसरला आणि कार्यक्रम सुरू होण्याआधीच संपला. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची, आणि तो अडॅप्टर फक्त तिथल्यासाठी बनवलेला होता. पिन बदलली म्हणून व्होल्ट बदलत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले.

[अडॅप्टरवरचे बारीक अक्षर जवळून.]

अडॅप्टरवरच्या या बारीक अक्षरांत ‘इनपुट’ या शब्दापुढे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल तर निश्चिंत असावे. नुसते १२० लिहिलेले असेल तर आपल्याकडचा अडॅप्टर शोधावा. तो घेताना व्होल्ट जुन्याइतकेच, ॲम्पिअर जुन्याइतके किंवा जास्त, आणि पिनेचा मधला भाग धन आहे की ऋण ही खूण तीच, या तीनही गोष्टी जुळल्या पाहिजेत. ठाण्यात मनासारखा मिळाला नाही, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुना अडॅप्टर नमुन्यासाठी खिशात घेऊन जावे. तोंडी वर्णनावर तिथे कोणी वेळ घालवत नाही.

आता आवाजाकडे येऊ. खोक्यावर हजाराच्या घरात ‘पीएमपीओ’ वॅट, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा फुगवलेला आकडा छापलेला दिसला, तर तो मनातून पुसून टाकावा आणि आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी शक्ती किती आहे ते विचारावे. शक्ती दुप्पट केली की आवाज वाढतो तो फक्त ३ डेसिबलने. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे १५ वॅटचा की २० वॅटचा, यावर दुकानात घासाघीस करण्यात अर्थ नाही. १० बाय १५ फुटांच्या हॉलला प्रामाणिक १० ते २० वॅट पुरून उरतात. त्यापेक्षा स्पीकरच्या कोनाचा, म्हणजे आत थरथरणाऱ्या शंकूसारख्या पडद्याचा आकार आणि खोक्याचे वजन पाहावे. उचलल्यावर पोकळ लागणारा डॉक बहुधा वाजतोही पोकळच.

ऐकून पारखण्याची माझी पद्धत अशी आहे, की दुकानदाराने लावलेले दणदणीत गाणे ऐकायचे नाही. ते त्याने त्या डॉकसाठीच निवडलेले असते. आपल्या प्लेअरमधले, आपण शेकडो वेळा ऐकलेले, तबल्याच्या साथीचे एखादे पद लावावे आणि पहिली दोन मिनिटे गायकाकडे नव्हे तर डग्ग्याकडे लक्ष द्यावे. चांगल्या डॉकवर डग्ग्याचा घुमारा सुरू होतो, मिंडेबरोबर वर सरकतो आणि संपतो; हे तिन्ही टप्पे वेगळे कळतात. लहान खोक्यात ओढूनताणून खर्ज काढलेला असेल तर प्रत्येक घिस्सा, म्हणजे डग्ग्यावर मनगट घासून काढलेला नाद, एकाच सुरात ‘धुम् धुम्’ करतो, कारण तो डग्ग्याचा नसून खोक्याचा सूर असतो. त्यानंतर आवाज तीन-चतुर्थांश वाढवावा आणि हार्मोनियमची वरची पट्टी ऐकावी. आवाज फाटत असेल तर तो तिथे आधी फाटतो. डावा-उजवा विस्तार मात्र कुठल्याच डॉककडून मागू नये. दोन स्पीकरांत वीतभर अंतर असताना तबला एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला ऐकू येणे शक्य नाही.

घरी आणल्यावर तोच डॉक वेगळा वाजू शकतो आणि त्यात त्याचा दोष नसतो. कोपऱ्यात दोन भिंतींना चिकटवून ठेवला तर खर्ज फुगतो, भिंतीपासून वीतभर पुढे ओढला की निवळतो. मामांचा डॉक शोकेसच्या काचेवर होता, आणि त्यांना अनेक दिवस वाटत होते की स्पीकर फाटला आहे. प्रत्यक्षात थरथरत होती ती काच. खाली जाड रबराचा तुकडा घातल्यावर अर्धी तक्रार मिटली. शेजाऱ्यांच्या आणि आपल्या घरात एकच भिंत असेल तर त्या भिंतीला डॉक टेकवू नये, कारण शब्द भिंतीत अडतात पण खर्ज आरपार जातो. रहिवासी भागात रात्री १० नंतरची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि ती साध्या गप्पांच्या आवाजाहूनही खालची आहे.

वापरलेला डॉक घेत असाल, तर ठाण्यात किंवा वाशी-नेरुळकडे खाडीच्या दमट हवेत तो किती पावसाळे राहिला आहे, याचा विचार अवश्य करावा.

[बोटाने डॉकची कड दाबून दाखवणे.]

हा जो चिकटपणा आहे तो मळ नाही. त्या काळात प्लास्टिकवर मऊ रबरी लेप देण्याची पद्धत होती, आणि दमट हवेत तो लेप हळूहळू विघटित होऊन गुळाच्या पाकासारखा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या फडक्याने तो पूर्ण निघतो, खाली साधे प्लास्टिक उरते, आणि या एका कारणासाठी विक्रेत्याकडून चांगली किंमत पाडून घेता येते. जाळी काढता येत असेल तर कोनाच्या कडेची गोल पट्टी मात्र पाहावी. ती रबराची असेल तर उत्तम. फोमची असेल तर बोटाने अगदी हलके दाबून पाहावी, आणि भुगा पडला तर डॉक तिथेच ठेवून निघावे.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. आयपॉड क्लासिकमध्ये ब्लूटूथ नाही, त्यामुळे ब्लूटूथ स्पीकर घ्यायचा तर प्लेअरला वेगळा ट्रान्समीटर लावावा लागतो, जो पुन्हा चार्ज करावा लागतो. नव्या, यूएसबी-सी असलेल्या प्लेअरसाठी तो पर्याय सोयीचा आहे, पण तिथेही स्पीकरला ऑक्स असेलच याची खात्री करावी; नव्या स्पीकरांतून ते छिद्र आता झपाट्याने नाहीसे होत चालले आहे. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे, प्लेअर चार्जिंगला लावून त्याच वेळी ऑक्सने वाजवला तर कधी कधी किणकिण किंवा गुणगुण ऐकू येते. चार्जरची वायर काढल्यावर ती थांबली, तर दोष डॉकचा नाही, विजेच्या दोन वाटा एकमेकींत मिसळण्याचा आहे. प्लेअर आधी चार्ज करून मग वाजवणे, हाच त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

शेवटी मामांनी नवा डॉक घेतलाच नाही. या जुन्याची पाठ पाहिली तर ऑक्सचे सॉकेट शाबूत होते, बिघडली होती ती वरची खाच. तिच्या दोन पिना आत दबल्या होत्या. लेप पुसून काढायचा आहे, पण अडीच फुटांची वायर लावून डॉक पूर्वीसारखाच वाजतो आहे. एक गैरसोय राहिली, ती अशी की रिमोटने आता फक्त आवाज कमी-जास्त होतो, गाणे बदलायला खुर्चीतून उठावे लागते, कारण ती आज्ञा पिनांतूनच जात असे. मामांना त्याचे फारसे काही वाटत नाही. त्यांच्या संग्रहातले एकेक पद वीस-वीस मिनिटांचे आहे.