समासातली पेन्सिल

[दृश्य: लाकडी काउंटर. त्यावर एक उघडी वही आणि सुतळीनं बांधून ठेवलेलं पेन.]

ही अभिप्राय वही. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं हे सार्वजनिक वाचनालय, आणि वही दारातच ठेवलेली, कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून. पहिल्या पानावर लिहिलंय, "छान." दुसऱ्यावर, "स्तुत्य उपक्रम." तिसऱ्यावर, "वाचनालयास हार्दिक शुभेच्छा," खाली लांबलचक सही आणि हुद्दा. चार पानं उलटली की कुणीतरी बंद पंख्याची तक्रार केलेली दिसते आणि जरा हायसं वाटतं. पुस्तकाबद्दल, म्हणजे अमुक एका पुस्तकाबद्दल, या अख्ख्या वहीत आम्हाला दोन नोंदी सापडल्या. त्यातली एक पुस्तक हरवल्याची होती.

पुस्तकाविषयी मत विचारलं की आपण मराठी माणसं इस्त्रीचे कपडे घालून बसतो. खरं मत हवं असेल तर काउंटरच्या पलीकडे जायचं. रॅकपाशी.

[दृश्य: दोन रॅकमधली अरुंद बोळ. एक हात पुस्तक काढतो. पानाच्या कडेला पेन्सिलीची बारीक अक्षरं.]

पुस्तकावर काहीही लिहू नये, लिहिल्यास नवी प्रत भरून द्यावी लागेल. हा नियम प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी, तारखांच्या चिठ्ठीच्या वर, छापून चिकटवलेला आहे. या पुस्तकात त्या नियमाच्या शेजारी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, "मान्य."

महाराष्ट्रात वाचनालयं जुनी. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि पुढे गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळू लागलं. आपलं हे वाचनालय 'ब' वर्गातलं. एक ग्रंथपाल ताई, एक शिपाई मामा, सकाळी वर्तमानपत्रांसाठी येणारे निवृत्त लोक, संध्याकाळी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायका आणि दुपारभर स्पर्धा परीक्षेची मुलं. ही मुलं आपापली पुस्तकं घरून आणतात. त्यांना इथला फक्त पंखा हवा असतो. तोच तो, तक्रारीतला.

तर, मतं.

[दृश्य: जाड पुस्तक, कापडी कणा, पाठीवर हातानं लिहिलेलं नाव.]

'मृत्युंजय' इथं तीनदा बांधणीला गेलंय. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची. कर्णाची गोष्ट सहा जण सांगतात. स्वतः कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. पुस्तक बांधणीला गेलं की बाइंडर कडा कापून सरळ करतो, त्यामुळे दर बांधणीत समास थोडा आत सरकतो आणि वाचकांची मतं अर्धी होतात. "कर्णानं इथं" एवढंच उरतं. कर्णानं इथं काय करायला हवं होतं, ते बाइंडरच्या दुकानात सांडलं.

पेन्सिल सगळ्यात जास्त चाललीय कुंतीच्या भागात. अक्षरावरून निदान चार माणसं वेगळी ओळखू येतात. एकीनं, की एकानं, पण आम्ही एकीनं असंच धरलं, लिहिलंय, "एकदा तरी सांगायचं होतंस." खाली दुसरं अक्षर, जरा घाईचं: "कुणाला? आणि कधी?" हे लिहिणाऱ्या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नसणार. कदाचित एकाच गल्लीत राहत असतील.

शेजारच्या कप्प्यात खांडेकरांची 'ययाति'. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते या लेखकाला. इथं लिखाण नाही, नुसत्या खुणा. देवयानीच्या बाजूनं बरोबरच्या, शर्मिष्ठेच्या बाजूनं फुल्या. एका पानापासून पुढे उलट. पेन्सिल तीच आहे.

[दृश्य: पत्र्याचा डबा. मामा तो टेबलावर उपडा करतात.]

हा डबा मामांचा. परत आलेल्या पुस्तकांतून जे निघतं ते इथं जमा होतं. एसटीची तिकिटं, औषधाची रिकामी पट्टी, पिंपळाचं जाळी झालेलं पान, लग्नपत्रिकेचा कोपरा, विजेचं बिल, एका बाळाचा पोलिओच्या डोसाचा कागद. खुणेला ठेवलेलं आणि विसरलेलं. कुठल्या पुस्तकातून काय निघालं ते मामांना पाठ आहे, आणि ताईंचं म्हणणं असं की साहित्य परिषदेला कळणार नाही इतकं मराठी साहित्य मामांना या डब्यातून कळलंय.

सगळ्यात जास्त तिकिटं निघाली 'कोसला'मधून. भालचंद्र नेमाड्यांनी ही १९६३ मध्ये पंचविशीत लिहिलेली कादंबरी. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरची. तिकिटं बहुतेक पहिल्या पन्नास पानांतच अडकलेली होती. पुस्तक तिथंच मिटलं आणि तसंच परत आलं. एका निवृत्त मास्तरांनी आम्हाला कॅमेऱ्यासमोर सांगितलं की त्यांनी तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा करणार नाहीत, आणि हे सांगताना त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. अभिप्राय वहीत त्यांनी "छान" लिहिलेलं आहे. आम्ही पाहिलं.

पण त्याच पुस्तकाच्या चिठ्ठीवर एका माणसाचा सभासद क्रमांक ओळीनं पाच वेळा आहे. पाच वेळा मुदत वाढवून घेतलेली. ताई सांगतात, हा मुलगा वसतिगृहात राहायचा, गाव लांबचं. पुस्तक परत करताना म्हणाला होता, की यात माझं कुणीतरी लिहून ठेवलंय. पन्नास पानांच्या अलीकडचे आणि पलीकडचे. 'कोसला'च्या बाबतीत मला मधला वाचक अजून भेटलेला नाही.

वपु काळ्यांच्या 'वपुर्झा'त अधोरेखित न केलेलं वाक्य शोधावं लागतं. पुढे.

[दृश्य: जुनं पातळ पुस्तक, बालविभागातलं.]

'श्यामची आई'. साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू केलं आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे संपवलं. पाच दिवसांत. यातल्या मतांमध्ये जवळजवळ दोन पिढ्यांचं अंतर दिसतं. जुन्या प्रतीत पानं फुगलेली आहेत, ती कशानं ते सांगायला नको. नव्या प्रतीत, श्याम पोहायला जात नाही म्हणून आई त्याला शिपटीनं मारते त्या प्रसंगाशी, एका मुलानं मोठ्या गोल अक्षरात लिहिलंय, "माझी आई असं करत नाही." खाली वळणदार अक्षरात उत्तर आहे, बहुधा त्याच आईचं: "पोहायला कुठं येतं तुला?"

ताईंनी हे दोन्ही खोडलेलं नाही. नियमाप्रमाणे खोडायला हवं. ताईंच्या ड्रॉवरमध्ये खोडरबर आहे आणि तो बऱ्यापैकी झिजलेलाही आहे. शिव्या खोडायच्या, फोन नंबर खोडायचे, बदामाची चित्रं आणि त्यातली आद्याक्षरं खोडायची. बाकीच्याकडे ताईंचं लक्ष नसतं. म्हणजे त्या तसं सांगतात.

[दृश्य: 'आहे मनोहर तरी'चं मुखपृष्ठ. कडा काळवंडलेल्या.]

सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं. पुलं तेव्हा हयात होते आणि महाराष्ट्राचे लाडके होते. त्यांच्या बायकोनं संसाराचा हिशेब असा उघड मांडावा, हे पुष्कळांना झेपलं नाही. त्या वेळी घराघरांत यावरून वाजलं. या प्रतीत ते वाजलेलं अजून ऐकू येतं. "भाईंबद्दल असं लिहायला नको होतं." त्याला जोडून बाण, आणि बाणाच्या टोकाला: "मग कुणाबद्दल लिहायचं?" आणखी खाली, हिरव्या शाईत: "दोघंही मोठे. वाद नको." हे हिरव्या शाईवाले गृहस्थ या वाचनालयातल्या किमान अकरा पुस्तकांत आढळले. सगळीकडे त्यांनी वाद मिटवलेला आहे. कुठलंही पुस्तक त्यांनी त्याशिवाय वाचलं असेल का, शंका आहे.

स्वयंपाकाच्या कप्प्यात कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा', १९७० ची. वाटी-चमच्याचं माप दिल्यामुळे नव्या सुनांचं भलं झालं, असं आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका सांगतात. या प्रतीवर हळद आहे, तेल आहे, आणि एका पानावर पिठाच्या बोटांचे ठसे. हे पुस्तक वाचलं गेलं याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता समीक्षक देणार? पुरणपोळीच्या पानावर एका बाईंनी प्रमाण बदललंय. दुसऱ्या बाईंनी ते पुन्हा मूळ केलंय, आणि पुढे लिहिलंय, "करून पाहिलं."

[दृश्य: खोलीतले दिवे मालवलेले. विजेरीचा तिरका उजेड एका पानावर.]

आता एक पान जरा सावकाश पाहू.

दया पवारांचं 'बलुतं'. ग्रंथालीनं १९७८ मध्ये काढलेलं. मराठीत दलित आत्मकथनांची जी वाट पुढे मोठी झाली, तिच्या तोंडाशी हे पुस्तक उभं आहे. यात लेखक स्वतःलाच दोन करतो. एक शिकलेला, नोकरीतला दया पवार आणि दुसरा त्याच्या आतला दगडू मारुती पवार. दगडू सांगतो, दुसरा ऐकतो. गावचा महारवाडा, मुंबईतली कावाखान्याची वस्ती, बलुत्याच्या धान्याच्या वाट्यासाठी करावी लागणारी गावकी. मेलेल्या जनावराची ओढाताण.

त्या ओढाताणीच्या पानाशी समासात काही होतं आणि ते खोडलंय. साध्या उजेडात नुसता मळकट पट्टा दिसतो. पण पेन्सिल दाबून लिहिली की कागदावर चर पडतो आणि शाळेतल्या खोडरबराला तो चर पुसता येत नाही. विजेरी तिरकी धरली तेव्हा अक्षरं वर आली.

"अतिशयोक्ती वाटते."

त्याच्या खाली, निळ्या शाईत, न खोडलेलं: "घरी आजोबांना विचारलं. म्हणाले, कमीच लिहिलंय."

त्याच्या खाली परत पेन्सिल: "कुठलं गाव?"

आणि निळी शाई: "हेच."

पुढे समासात काही नाही. पेन्सिलवाल्यानं नंतर केव्हातरी आपलं पहिलं वाक्य खोडलं, ते ताईंचं काम नव्हे. ताईंनी स्वतः सांगितलं, माझा हात इतका जोरात फिरत नाही. दुसरं वाक्य, "कुठलं गाव," ते मात्र त्यानं ठेवलं. हे चार शब्दांचे संवाद किती वर्षांत झाले, ठाऊक नाही. चिठ्ठीवर या पुस्तकाच्या तारखा कधी वर्षावर्षाच्या अंतरानं आहेत, कधी आठवड्याच्या.

[दृश्य: संगणक, बारकोडचा लाल प्रकाश.]

आता तारखांचा शिक्का मारत नाहीत. पुस्तकांना बारकोड लागलेत, देवघेवीची नोंद संगणकात होते, वेळ वाचतो, पुस्तकं हरवत नाहीत. खरोखरच सोय झाली. फक्त नवं पुस्तक हातात घेतलं की आपल्याआधी ते कितीजणांनी नेलं, हे आता कळत नाही. जुन्या कवितासंग्रहांच्या चिठ्ठ्या पाहिल्या तर ते कळणं सुखाचं नसायचं, हेही खरं. एका चांगल्या कवीच्या संग्रहावर सत्तावीस वर्षांत दोन शिक्के आहेत. दुसरा शिक्का आमच्या कॅमेरामननं नेला त्या दिवशीचा, मामांनी हौसेनं जुना शिक्का शोधून मारून दिला.

[दृश्य: रहस्यकथांचा कप्पा. मध्ये एक मोकळी फट.]

निघता निघता रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर लिहिल्या, आणि या कप्प्यातल्या कागदाचा आता भुगा व्हायला आलाय. त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड इथं कुणीच खोडले नाहीत, कारण इथं कुणी मत लिहीतच नाही. लिहितात ते एवढंच: खुनी कोण. आणि तेही पहिल्याच पानावर. हा दुष्टपणा प्रत्येक गावात असावा.

या फटीतलं पुस्तक म्हणे त्याला अपवाद. मामांनी सांगितलं की त्याच्या पहिल्या पानावर एक नाव लिहिलंय, ठळक, खाली दोन रेघा. त्याच्या खाली दुसऱ्या कुणी लिहिलंय, "खोटं आहे, खुशाल वाचा." त्याच्याही खाली तिसरा: "खोटं नाही." मग चौथा, मग पाचवा. पान भरलंय, आतल्या पानावर गेलंय. लोक आता ते पुस्तक त्या भांडणासाठी नेतात.

तुमचं मत काय, आम्ही मामांना विचारलं. नाव खरं की खोटं?

मामांनी रजिस्टर उघडलं, बोट खाली नेलं. पुस्तक बाहेर आहे. पुढच्या गुरुवारी येईल.